मुदत संपलेली त्रेसष्ट पुस्तकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी मंगललाही नाही, आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात एरवी काही नाही. या वर्षी जानेवारीत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर, ग्रंथालयात एकटा बसून मी एक फॉर्म भरला. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. आज कुणी नोंदी काढून तपासल्या तरी चूक सापडणार नाही. पण त्या फॉर्ममुळे रेखाताई ढगे यांचं परदेशातल्या परिषदेला जाणं रद्द झालं, आणि ते रद्द व्हावं म्हणूनच मी तो तसा भरला होता.

या वार्षिक अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘ग्रंथपालाचे गमतीदार अनुभव’ मागितले होते. तसे ते आहेत माझ्यापाशी. सत्तावीस वर्षं पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाकडे गमती जमतातच. पेडगावकडचे एक पालक मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, “सर, हिला असं पुस्तक द्या जे लौकर संपणार न्हाई. घडी घडी येणं होत न्हाई आमाला.” मी तिला शब्दकोश दिला नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. सातवीतली एक मुलगी घोड्यांचं एक सचित्र पुस्तक चार महिने नकाशांच्या मागे लपवून ठेवत होती, दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून. बाहेरच्यांना वाटतं पुस्तकं चोरीला जातात. फार थोडी जातात. ग्रंथालयात पुस्तक हरवतं ते चुकीच्या फळीवर ठेवल्यामुळे. ते असतं तिथेच, चार हातांवर, पण असून नसतं. त्या मुलीला मी रागावलो नाही. मला तिची युक्ती आवडली होती.

अशा आठ-दहा गमती लिहून झाल्या. मग दसऱ्याच्या आठवड्यात रेखाताई येऊन गेल्या आणि ते कागद मी बाजूला ठेवले.

आमची शाळा परभणीबाहेर जिंतूर रस्त्याला आहे. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे. आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, तर फलक इंग्रजीत आणि बसेस पिवळ्या. बाकी पोरं इथलीच, व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची, बऱ्या जमिनीवाल्यांची. ग्रंथालय मात्र खरंच चांगलं आहे. साडेनऊ हजार पुस्तकं, काचेची कपाटं, खिडकीतून कापसाचं शिवार दिसतं. ते मी उभं केलं. पाहुणे येणार असले की प्रिन्सिपल मॅडम पुस्तकं उंचीनुसार लावायला सांगतात आणि पाहुणे गेले की मी ती पुन्हा क्रमांकानुसार लावतो. याला दोन दिवस लागतात.

पण ग्रंथपाल शाळेत एकटा असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गणिताचे चार शिक्षक असतात, ते आपसांत भांडू तरी शकतात. मी कुणाशी बोलू, की या पुस्तकाला इतिहासात ठेवू का प्रवासात? म्हणून दहा वर्षांपूर्वी, आंतरराष्ट्रीय शाळांच्या ग्रंथपालांचं आणि शिक्षकांचं एक जाळं इंटरनेटवर आहे असं कळल्यावर मी सभासद झालो. महिन्यातून एका शनिवारी दुपारी पडद्यावर बैठक. कुणी नैरोबीहून, कुणी जकार्ताहून, कुणी दुबईहून. बोलणं इंग्रजीत. मी इंग्रजी वाचतो उत्तम, बोलतो जपून. बहुतेक वेळा मी खाली दोन शब्द टाइप करायचो, ‘फार छान’, आणि तेवढ्यात लाइट जायची.

त्या शनिवारांनी मला खूप दिलं, आणि एक दुखणंही दिलं. कुणाच्या ग्रंथालयातून समुद्र दिसायचा. कुणाला दोन मदतनीस असायचे. एका बाईंकडे तर फक्त गोष्ट सांगायला एक वेगळी खोली होती, गादी घातलेली. मी ‘फार छान’ लिहायचो आणि पडदा बंद केल्यावर माझ्याच कपाटांकडे बघवायचं नाही. मत्सर हा शब्द मी मुलांना शब्दकोशात काढून दाखवलेला आहे. तो आपल्याला लागू होतो हे मान्य करायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

या जाळ्याची वर्षातून एकदा परिषद भरते. दर वर्षी वेगळा देश. तिथे बोलायचं असेल तर आधी आपला विषय लिहून पाठवायचा. मी सात वर्षं पाठवला. ‘शालेय ग्रंथालयाची बदलती भूमिका’, ‘वाचनसंस्कृतीपुढील आव्हाने’ अशा धाटणीचे. सातही वेळा नम्र नकार आला. संयोजक हेलन नावाच्या बाई होत्या. त्या प्रत्येक वेळी लिहायच्या की विषय चांगला आहे, पण आम्हाला तुमच्या ग्रंथालयात तुम्ही स्वतः काय केलंत ते ऐकायचं आहे. मी काय केलं होतं? पुस्तकं नीट ठेवली होती.

आता रेखाताई.

झरीच्या पुढे एका वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे, तिथे त्या शिकवतात. डी.एड. झालेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. शिक्षण खात्याच्या एका प्रशिक्षणात ओळख झाली. एका दिवाळीआधी त्या आमच्या शाळेत आल्या, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाल्या, “सर, तुमच्याकडची थोडी पुस्तकं सहा महिन्यांला देता का? माझी निम्मी शाळा उसाला जायलीय.”

आमच्याकडे ज्यांना हे माहीत नाही असं कुणी नाही, पण अंक लांबही जातो म्हणून सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या वस्त्यांवरची कुटुंबं मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांवर जातात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही, ती लेकरांनाही नेतात. फडात खोपी, पहाटे तोड, दिवसभर मोळ्या. गाळप संपलं की कारखान्याचा ‘पट्टा पडतो’, आणि मग एप्रिल-मेच्या उन्हात माणसं घरी येतात. लेकरांचं शिक्षण त्या मधल्या महिन्यांत गळून पडतं.

रेखाताईंनी केलं ते अगदी साधं होतं. कुटुंब निघतं तेव्हा भांडी, अंथरुणं, पीठ असं सगळं गोण्यांत बांधलं जातं. ज्या गोणीत तवा आणि परात जाते तिच्यात त्या प्रत्येक लेकरामागे दोन-तीन पुस्तकं ठेवायच्या. दप्तरात नाही. “दप्तर घरीच ऱ्हातंय सर,” त्या म्हणाल्या. “तवा कोन्ही इसरत न्हाई.”

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवतो, परत करायची तारीख लिहायला. त्या चिठ्ठीवर तारखेच्या जागी त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘पट्टा पडल्यावर’. सत्तावीस वर्षांत मी त्या रकान्यात आकड्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. मला ते खटकलं, आणि खटकलं ते इतकं बरोबर होतं म्हणून.

पहिल्या वर्षी मी चाळीस पुस्तकं दिली. एकोणचाळीस परत आली. चाळिसावं बैलाने खाल्लं होतं. तसा लेखी खुलासा रेखाताईंनी आणून दिला, खाली पालकाच्या अंगठ्यासह. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

त्या पावसाळ्यात मी जाळ्याच्या पानावर सहा ओळी लिहिल्या आणि एक फोटो टाकला, गोणीत तवा आणि तव्यावर पुस्तकं. ‘आमच्या भागातला एक उपक्रम’ असं लिहिलं. ‘आमच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. माझ्या सात निबंधांना मिळून जेवढे प्रतिसाद आले नव्हते तेवढे तासाभरात आले. हेलनबाईंनी विचारलं, हे तुम्ही करता? मी एक दिवस थांबलो. मग लिहिलं, नाही, एक शिक्षिका करतात, पुस्तकं आम्ही देतो. त्या एका दिवसात मी काय काय विचार केला ते लिहीत नाही.

नोव्हेंबरात दुसऱ्या खेपेची पुस्तकं गेली, या वेळी त्रेसष्ट. डिसेंबरात हेलनबाईंना रेखाताईंशी बोलायचं होतं, म्हणून मी माझा फोन घेऊन वस्तीवरच्या शाळेत गेलो. वर्गात निम्म्या जागा मोकळ्या. मी दुभाष्या. हेलनबाईंनी विचारलं, मुलं तिथे खरंच वाचतात कशावरून?

रेखाताई म्हणाल्या, “त्यांला सांगा सर, वाचतेत का न्हाई ते मला बी नक्की माहीत न्हाई. पण पुस्तकावर काजळी असती. चुलीपाशी धरल्याबिगर काजळी कशी लागंल?”

मी भाषांतर केलं. मग हेलनबाई म्हणाल्या की पुढच्या परिषदेत हे ऐकायचं आहे, बँकॉकला, जाण्यायेण्याचा सगळा खर्च आमचा. फक्त एका जुन्या सभासदाची शिफारस लागेल, फॉर्म पाठवते.

जुना सभासद मीच होतो.

रेखाताईंनी पासपोर्टचा अर्ज केला. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा वस्तीवरच्या लोकांना वाटलं बाईंनी काही केलं. त्यांचे दीर थट्टेने म्हणाले, “वहिनी, तिकडं उसाचा फड लागलाय का?” त्या मला फोनवर हे सांगून हसत होत्या. मीही हसलो. फोन ठेवला आणि हिशेब मांडत बसलो. माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी. दहा वर्षांचे शनिवार. आणि या बाईंनी त्या जाळ्याचं नावही धड ऐकलेलं नव्हतं. त्या ‘तुमचा तो इंटरनेटचा ग्रुप’ म्हणायच्या.

जानेवारीत फॉर्म आला. प्रश्न सरळ होते. चालू शैक्षणिक वर्षात किती पुस्तकं दिली? मुदतीत किती परत आली? आज किती पुस्तकांची मुदत उलटून गेली आहे? खाली एक मोठी चौकट, शिफारस करणाऱ्याला आणखी काही सांगायचं असेल तर.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या संगणकावर पुस्तक दिलं की पंधरा दिवसांची मुदत आपोआप पडते. जास्त हवी असेल तर बाजूच्या चौकटीत तारीख टाकावी लागते. पहिल्या वर्षी मी तीस एप्रिल टाकली होती. दुसऱ्या वर्षी घाईत ती राहिली. हे खरोखर राहिलं होतं, निदान मी तसं मानतो. परिणाम असा की जानेवारीत मी यादी उघडली तेव्हा त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळी लाल. संगणकाच्या लेखी एकही पुस्तक वेळेत आलेलं नव्हतं. येणार कसं, ती शेकडो कोसांवर खोप्यांत होती, आणि जिथे असायला हवीत तिथेच होती.

मी लिहिलं. दिली, त्रेसष्ट. मुदतीत परत, शून्य. मुदत उलटलेली, त्रेसष्ट.

मोठी चौकट मी मोकळी ठेवली. तिच्यात एक वाक्य पुरलं असतं. मी तिच्याकडे बराच वेळ बघत होतो. बाहेर चौथीची पोरं रांग लावून उभी होती, त्यांचा वाचनाचा तास होता. मी बटण दाबलं आणि दार उघडलं.

दोन आठवड्यांनी हेलनबाईंचं पत्र आलं. उपक्रम मनाला भिडणारा आहे, पण जिथून एकही पुस्तक परत येत नाही असा नमुना आम्ही इतर शाळांपुढे ठेवू शकत नाही. शेवटी एक ओळ होती. स्वतःच्या भागातल्या कामाबद्दल इतकं प्रामाणिकपणे लिहिणारे सभासद दुर्मीळ असतात.

रेखाताईंना मी फोनवर सांगितलं की तिकडे फार चुरस होती, या वर्षी जमलं नाही.

“जाऊ द्या सर,” त्या म्हणाल्या. “तुमी लय धडपड केली माझ्यासाठी. पासपोर्ट काय, ऱ्हाईल घरात. पोरीला दाखवायला झाला.”

त्यांनी माझंच सांत्वन केलं. मी ‘बरं’ म्हणालो.

मार्चमध्ये हेलनबाईंचं दुसरं पत्र आलं. परिषदेत एक छोटं सत्र ठेवलं आहे, ‘परत न आलेली पुस्तकं’. सगळे आपल्या यशाबद्दलच बोलतात, तेव्हा तुम्ही तुमच्या अनुभवावर बोलाल का? खर्च आमचा.

मी त्याच दिवशी होकार कळवला.

एप्रिलअखेर पट्टा पडला. मेच्या पहिल्या आठवड्यात रेखाताई पुस्तकं घेऊन आल्या, बरोबर वस्तीवरच्या सुमनबाई होत्या, स्वतः ऊसतोडीला जाणाऱ्या. एकसष्ट पुस्तकं टेबलावर मांडली. उरलेल्यांपैकी एक पावसात लगदा झालं होतं, आणि एक बीडकडच्या टोळीतल्या एका पोरीने मागून नेलं होतं. ते पुढे जुलैत कुणाच्या तरी हाती आलं. बरीचशी पुस्तकं मला ओळखू आली नाहीत. त्यांना खताच्या गोणीच्या कापडाची वेष्टणं शिवलेली होती, पोती शिवायच्या दाभणाने, जाड सुतळीने, टाके एकसारखे.

“कव्हर निघायले म्हणून आमीच शिवले,” सुमनबाई म्हणाल्या. मग पुस्तकांकडे हात करून, “सर, एक इचारू का? ह्यातल्या एकाचं शेवटचं पान फाटलंय. आमची पोरगी वाचायची अन् मी भाकरी थापीत ऐकायची. त्या म्हातारीची शेळी सापडती का न्हाई, तेवढं सांगा.”

त्या पुस्तकाची दुसरी प्रत माझ्याकडे होती. मी ती काढली आणि शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. शेळी सापडते. सुमनबाईंनी मान हलवली, म्हणाल्या, “मला वाटलंच हुतं.” इतक्या वर्षांत एवढं नेमकं काम माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस असायला हवा होता.

त्या निघाल्यावर मी संगणकात एकसष्ट नोंदी परत घेतल्या. एकेक लाल ओळ काळी झाली. परिषदेला अजून तीन आठवडे होते. हेलनबाईंचा पत्ता पडद्यावर समोर होता. मी पत्र लिहिलं नाही.

जायच्या आधी रेखाताई पुन्हा आल्या. मी जातोय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं की मी त्यांचंच काम सांगायला चाललोय. मी त्यांना तसं वाटू दिलं. त्यांनी स्वतःच्या शाळेतली, गोणीचं वेष्टण शिवलेली तीन पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. “हे दाखवा तिथं,” म्हणाल्या. “तुमच्या बोलण्याला बळ येईल.”

बँकॉकला माझ्या गळ्यात नावाची पट्टी होती. नाव, खाली परभणी, भारत. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते या लेखातलं पहिलं खोटं ठरेल. पडद्यावरचे चेहरे समोर उभे होते, उंची आणि चपलांसकट. गोष्टीच्या खोलीवाल्या बाईंनी माझा हात हातात घेऊन हलवला. मी तिथे कुणाहून कमी नव्हतो. तीन दिवस हॉटेलच्या आरशात मी स्वतःकडे दुसऱ्या कुणाकडे बघावं तसं बघत होतो.

माझं सत्र दुसऱ्या दिवशी जेवणानंतर होतं, एका लहान खोलीत. वीसेक माणसं. गोणीतली पुस्तकं माझ्या पिशवीत, खुर्चीखाली. मी आकडे सांगितले. त्रेसष्ट, शून्य, त्रेसष्ट. चांगल्या हेतूने दिलेली पुस्तकं कशी हातची जातात, यावर वीस मिनिटं बोललो. माझं इंग्रजी त्या दिवशी अडखळलं नाही.

प्रश्नांच्या वेळी एका फिलिपिनो ग्रंथपालबाईंनी हात वर केला. कुठल्याशा बेटावरची शाळा. म्हणाल्या, “आमच्याकडची काही कुटुंबं महिनोन्‌महिने मासेमारीला जातात. तुमची कुटुंबं परत कधी येतात?”

“एप्रिलच्या शेवटी.”

“आणि हे आकडे कुठल्या महिन्याचे?”

“जानेवारी.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मान वर करून शांतपणे विचारलं, “एप्रिलमध्ये काय झालं?”

पिशवीला माझा पाय लागत होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सत्र चालवणाऱ्या गृहस्थांनी घड्याळ दाखवलं, वेळ संपली आहे, पुढचे वक्ते थांबलेत. मी त्यांना अडवू शकलो असतो. एक मिनिट मागितलं असतं तर कुणी नाही म्हणालं नसतं. त्या बाई दाराशी थांबल्या होत्या. मी मागच्या दाराने गेलो. संध्याकाळच्या जेवणालाही मी त्यांच्यापासून दूरच्या टेबलावर बसलो, आणि दोन दिवस त्या ज्या बाजूने येतील तिच्या उलट बाजूने चालत राहिलो. बाईंचा राग मला येत नव्हता. त्यांनी तीन प्रश्नांत केलं ते काम मला सात निबंधांत जमलं नव्हतं, याचाही मला हेवा वाटला, हे सांगून टाकतो.

परत आल्यावर वस्तीवरच्या शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. लेकरांनी स्वागतगीत म्हटलं. रेखाताईंनी विचारलं, “पुस्तकं दाखवली का सर?”

“दाखवली.”

“मग? काय म्हणले?”

“टाके आवडले त्यांना,” मी म्हणालो.

फॉर्ममध्ये मी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, असं वर म्हटलं. हे मात्र सरळ खोटं होतं, आणि ते ऐकून सुमनबाई पदर तोंडाला लावून लाजल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. स्वतःशी तडजोड करून राहिलो असतो. पण परिषदेनंतर जाळ्याच्या वार्तापत्रात सत्राचा सारांश आला. फिरत्या कुटुंबांना दीर्घ मुदतीने पुस्तकं देऊ नयेत, एका भारतीय ग्रंथपालाचा अनुभव. प्रिन्सिपल मॅडमनी तो वाचला. त्यांना अभिमानच वाटला, तो त्यांनी सूचनाफलकावर लावला. आणि जूनपासून शाळेबाहेर पुस्तक द्यायचं नाही असं ठरवलं. मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, “सर, तुमचंच म्हणणं छापून आलंय.”

या दसऱ्याच्या आठवड्यात रेखाताई आल्या. या वेळी पिशवी नव्हती, धुतलेली रिकामी गोणी होती, घडी घातलेली.

“यंदा ऐंशी द्या सर. टोळ्या वाढल्यात.”

मी शाळेचा निर्णय सांगितला.

“कामून?”

“पुस्तकं परत येत नाहीत, असं ठरलंय.”

“कोनी ठरवलं?” त्यांचा आवाज चढला नाही, खरंच समजत नसल्यासारखा होता. “एकसष्ट तर मीच आणून ठेवले की ह्या टेबलावर. तुमी मोजून घेतले.”

“हो.”

“मग सांगा की मॅडमला. तुमचं ऐकतेत त्या.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“आठवड्यानं टोळ्या निघायल्यात सर. सुमनबाईची पोरगी रोज इचारायलीय. काय सांगू तिला?”

त्यांनी गोणी काखेत धरली, कपाटांवरून एक नजर फिरवली, आणि ‘येते’ म्हणून गेल्या. साडेनऊ हजार पुस्तकं जागच्या जागी होती. मॅडमकडे जाऊन सांगायचं म्हणजे ‘मग आधी तसं का लिहिलं’ याचं उत्तर द्यायचं. मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टोळ्या गेल्या. या वर्षी त्यांच्या गोण्यांत आमचं एकही पुस्तक नाही.

पुढल्या वर्षी मी निवृत्त होईन. निरोपसमारंभात त्या परिषदेचा उल्लेख होणार. मॅडमच्या भाषणाचा मसुदा मीच टाइप करून देतो, म्हणून मला माहीत आहे.

हा अंक झरीपुढच्या त्या शाळेत दर वर्षी जातो. तरीही रेखाताईंनी हे छापलेलं वाचून जाणावं आणि मी सुटावं, असं मी धरत नाही. हेलनबाईंना एप्रिलचा आकडा लेखी कळवणं माझ्याकडून राहिलं आहे. मॅडमपुढे उभं राहून तो निर्णय चुकीच्या आधारावर झाला हे सांगणं राहिलं आहे. ऐंशी पुस्तकं राहिली आहेत. आणि सगळ्यांच्या आधी, वस्तीवर जाऊन रेखाताईंना तोंडाने सांगणं, की तुमचं जाणं चुरशीमुळे नाही, माझ्यामुळे राहिलं. हे लिहून संपवेपर्यंत मी ते सांगितलेलं नाही.